ट्रंक तुटली तरी गावातला फोन लागला पाहिजे

भाचीबाई, घरात सर्व्हर बसवायचा म्हणतेस ना, मग मशिन कोणतं घ्यायचं ते मागून बघू. आधी घराच्या मागं जा आणि अर्थिंगचा खड्डा आहे का ते बघ. असला तर त्याची वायर जागेवर आहे का, का कुणी नळाच्या पाइपाला गुंडाळून मोकळा झालाय? मल्टिमीटर एसी व्होल्टवर लाव. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास दिसायला हवं, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत. तिथं १५-२० दिसले तर पुढं काही करू नकोस, वायरमनला बोलाव. कोळसा-मीठ घालून खड्डा नीट भरून घे आणि उन्हाळाभर त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओत. आपल्याकडची जमीन मुरमाड, मार्च उजाडला की ओल खाली जाते आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं.

तुझं शिक्षण कॉम्प्युटरचं, त्यात मी तोंड घालत नाही. पण दिवसरात्र चालू राहणारी वस्तू खेड्यात कशी टिकवायची, हे कॉलेजात कुणी शिकवत नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. २००० सालच्या १ ऑक्टोबरला खात्याचं बीएसएनएल झालं, आणि २०२०च्या जानेवारीअखेर स्वेच्छानिवृत्ती घेऊन ७८ हजारांच्या आसपास माणसं एका दिवशी बाहेर पडली, त्यातला मी एक. त्यामुळं जे सांगतो ते बॅटऱ्यांत पाणी घालून आणि खांबावर चढून शिकलेलं आहे.

सी-डॉटचं नाव तू पुस्तकात वाचलं असशील. १९८४ला ती संस्था निघाली आणि १९८६ला कर्नाटकात कित्तूरला त्यांचं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज लागलं. परदेशी एक्स्चेंजांना एसी लागायचा, धूळ सोसायची नाही. हे मात्र साध्या खोलीत, पंख्यावर, धुळीत चालावं म्हणूनच बनवलेलं. मला त्याची सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच होती. कुणाच्या तरी नांगरानं किंवा रस्त्याच्या कामानं तालुक्याकडं जाणारी ट्रंक तुटली, तरी गावातल्या गावात फोन लागायचा. जोडणी गावातच व्हायची ना! दवाखान्यात फोन करायला तालुक्याची परवानगी लागत नव्हती. तुझ्या घरच्या सर्व्हरकडं मी त्याच नजरेनं बघतो. आज तू माजघरातून ओसरीवर बसलेल्या आईला फोटो पाठवतेस, तर तो कुठल्या कुठं परदेशातल्या मशिनवर जाऊन परत येतो, आणि बाहेरचं नेट गेलं की दोघी एकाच घरात बसून मुक्या. २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या बीडमध्ये आणि तिकडं जालन्यात आंदोलनाच्या काळात इंटरनेट बंद ठेवलं होतं, तेव्हा लोकांना हे चांगलं कळलं. म्हणून तुझी पहिली परीक्षा हीच ठेव : बाहेरची केबल उपसून काढली तरी घरातल्या घरात फोटो, कागद, गाणी उघडतात का?

आता मशिन. नवं घेऊ नकोस. कोपरा फुटलेला, कुणी वापरत नाही असा जुना लॅपटॉप घे, त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. असा लॅपटॉप सरासरी १५ वॅट खातो, महिनाभर अखंड चालला तरी ११ युनिटच्या आत. तेच कपाटाएवढा जुना डेस्कटॉप ६५ वॅट धरला तर ४७ युनिटपर्यंत जातो, आणि मग दाजी बिल बघून काय बोलतील ते तुला माहीतच आहे. झाकण लावलं तरी झोपायचं नाही, ही सेटिंग आधी करून ठेव. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लाव. सदा प्लगला लावलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर आलाय, बूड टेबलावर डुगडुगतंय असं दिसलं की त्याच दिवशी बॅटरी काढायची, उद्यावर टाकायचं नाही. मिनी पीसी मिळाला तर तोही चांगला, फक्त बायोसमध्ये जाऊन ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ ही खूण करून ठेव, नाहीतर तू पुण्यात आणि मशिन इथं बंद पडलेलं. रास्पबेरी पायचं तुम्हा पोरांना फार कौतुक. असू दे, पण मेमरी कार्डावर सगळा संसार मांडू नकोस. सारखं लिहून लिहून आणि मधेच वीज जाऊन जाऊन ती कार्डं मरतात. एसएसडी जोड. आणि पाय चारपर्यंतच्या बोर्डांत घड्याळाची बॅटरीच नसते. वीज गेली, नेटही गेलं, मग वीज आधी आली तर त्याला तारीखच कळत नाही आणि सुरक्षित जोडणीचे दाखले चुकीचे आहेत म्हणून ते अडून बसतं. हा फॉल्ट शोधताना भली भली माणसं वेडी होतात.

विजेचं तुला मी काय सांगू, तू त्यातच वाढलीस. डीपी जळाली की आठ दिवस अंधार, मोटारी चालू झाल्या की बल्ब पिवळा, रात्री मोटारी बंद पडल्या की व्होल्टेज २५०च्या वर. माणूस कमी व्होल्टेजला भितो, अडॅप्टर मात्र जास्त व्होल्टेजनं जळतात. घरी इन्व्हर्टर आहे तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का बघ. साध्या मोडवर तो वीज गेल्यावर जरा उशिरा पकडतो. पंख्याला ते चालतं, मशिनला नाही. राऊटरला आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा घे, कारण सर्व्हर जिवंत आणि राऊटर मेलेला असेल तर काय उपयोग. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, आरओचं नाही, हे आईला पुन्हा एकदा सांग.

वळवाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळा सांभाळायच्या. आभाळ गरजायला लागलं की प्लग भिंतीतून काढायचा. बटण बंद करून भागत नाही. फायबर काचेचं असतं, त्यातून वीज येत नाही, हे खरं. पण खांबावरून येणाऱ्या काही केबलींना आधाराची लोखंडी तार असते आणि आपले लोक तीच खिडकीच्या गजाला पीळ घालून बांधतात. ती तार घराबाहेरच सोडवून घे.

ठेवायचं कुठं? पत्र्याच्या खोलीत नको, मे महिन्यात तिथं माणूस बसत नाही तर मशिन काय बसेल. तुमच्या जुन्या माळवदाच्या खोलीइतकी थंड जागा घरात दुसरी नाही. पण जमिनीवर ठेवू नकोस, छातीएवढ्या उंचीवर फळी मार. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडं घराघरात पाणी शिरलं, ते आठव. फळीला मागून मोकळी हवा हवी आणि उंदराला वाट नको. सोयाबीनची मळणी चालू असेल त्या आठवड्यात खिडकी बंद, आणि मळणी झाली की ब्रश घेऊन पंखा साफ. पाली उबेला येतात, त्यांना जाळीच लावावी लागते.

एवढं झालं की मग तुमचं ते डेबियन टाक आणि सुरक्षेची अपडेट्स आपोआप होतील असं बघ. पण पहिल्या महिन्यात एकच सेवा चालव. मी बघतो, पोरं एका रात्रीत दहा गोष्टी बसवतात, पंधराव्या दिवशी त्यातली एक मोडते आणि मग कुणाचंच काही कळत नाही. फोटो आणि कागदपत्रं इथून सुरुवात कर. नेक्स्टक्लाउड चालेल, नुसत्या फोटोंसाठी इमिच चालेल, आणि यातलंही नको असेल तर सिंकथिंग : फोनमधला फोटो घरच्या वायफायवर आला की गुपचूप मशिनवर उतरतो. सातबारा, फेरफार, विम्याच्या पावत्या, आईच्या दवाखान्याचे कागद, सगळं स्कॅन करून वर्षावार फोल्डरात टाक. फाइलचं नाव तारखेनं सुरू कर. पीकविम्यात नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती, तेव्हा पाण्यात गेलेल्या सोयाबीनचा फोटो कुठल्या फोनमध्ये आहे हे शोधण्यात लोकांची रात्र जायची. आणि २०२०च्या खरिपाच्या विम्याचा वाद आपल्या जिल्ह्यातून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला, वर्षं लागली त्याला. तोवर शेतकऱ्यांचे फोन किती वेळा बदलले असतील, विचार कर.

दुसरी सेवा मी सांगू ती लाव : किविक्स. अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून मशिनवर ठेवता येतो, चित्रांसकट थोड्याच जीबीत. नेट नसताना घरातल्या वायफायवरून कुठल्याही फोनवर उघडतो. तुझ्या धाकट्या भावाला आणि गल्लीतल्या पोरांना वायफायचा पासवर्ड दे आणि गंमत बघ. शाळेत किंवा वाचनालयात असला एक डबा ठेवायला फार खर्च येत नाही, येतो तो फक्त कुणीतरी लक्ष ठेवायचा कंटाळा.

ईमेल मात्र घरी चालवू नकोस. घरच्या जोडणीवरून निघालेलं पत्र मोठ्या कंपन्या घेत नाहीत, घेतलं तरी स्पॅममध्ये टाकतात, आणि नेमका तुझा नोकरीचा अर्ज त्यात जातो. हा हट्ट मोठमोठ्या लोकांनीही सोडलाय.

बाहेरून घरच्या मशिनपर्यंत पोचायचं म्हणशील, तर आधी राऊटरच्या पानावर जाऊन तुझा बाहेरचा पत्ता बघ. तो १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल तर समज की कंपनीनं एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि बाहेरून कुणी थेट तुझ्यापर्यंत येऊ शकत नाही. पूर्वी एका जोडणीवर दोन घरांना फोन द्यायचो, त्याचाच हा नवा अवतार. मग तीन वाटा. महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता मागायचा. नाहीतर आयपीव्ही-६ आहे का बघायचं, भारत त्यात जगात बराच पुढं आहे आणि मोबाइलवर तर तो सर्रास मिळतो. नाहीतर वायरगार्ड, टेलस्केल असलं काहीतरी लावून आपल्याच फोनपुरता आतला रस्ता तयार करायचा. माझं मत विचारशील तर तिसरी वाट. घरच्यांपुरतं काम असेल तर जगाला दार उघडायची गरज काय? राऊटरमध्ये पोर्ट उघडलास की थोड्याच वेळात कुठून कुठून दार वाजवायला लागतात, माणसं नव्हे, यंत्रं. पासवर्डनं लॉगिन बंद, फक्त किल्लीनं. राऊटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल, केबलवाल्या पोराला तो तोंडपाठ असतो.

प्रतींचं बोलताना मी जरा गंभीर होतो, ते समजून घे. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा आपल्या लोहारा भागात, सास्तूरकडं, दगड-मातीची घरं जागच्या जागी बसली. माणसं गेली त्याला तोड नाही, पण जी वाचली त्यांचे उतारे, दाखले, लग्नाचे फोटो, सगळं त्याच ढिगाऱ्यात. त्या दिवसांत हॅम रेडिओवाले स्वतःचे सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात आले आणि निरोप पोचवू लागले. कुठल्याही खात्याची लाइन न वापरता बोलता येतं, हे बऱ्याच लोकांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असेल. तर, तीन प्रती : एक मशिनवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. त्याच कपाटातल्या दुसऱ्या डिस्कला मी दुसरं गाव म्हणत नाही. दोन डिस्क जोडून एकीचं दुसरीवर आपोआप उतरवतात, तिलाही प्रत म्हणू नकोस, कारण इथं चुकून पुसलं की तिथंही त्याच क्षणी पुसतं. एक डिस्क कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, सोलापूरला मावशीकडं ठेव आणि दिवाळी-पाडव्याला बदल. आणि प्रत घेतली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. त्या डिस्कवरचा एक फोटो दुसऱ्याच मशिनवर उघडून बघ. उघडला तर प्रत आहे.

आता तुझा दुसरा विचार, की लोकांसाठीही काहीतरी चालू करावं, मॅस्टोडॉन का काय ते. थांब जरा. आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहून बघ.

एकाच मालकाच्या जागेत गप्पा मारायची सवय आपल्या लोकांना फार महागात पडलीय. ऑर्कुट २०१४च्या ३० सप्टेंबरला बंद झालं, याहू ग्रुप्स २०२०च्या डिसेंबरात. त्यात किती मराठी गट होते, किती आठवणी, पाककृती, भांडणं! कू तर स्वदेशी होतं, मराठीतही होतं, २०२४च्या जुलैत गुंडाळलं. म्हणजे मालक परदेशी की देशी, यानं फरक पडत नाही, मालक एकच असला की तो कंटाळला त्या दिवशी दुकान बंद. उलट १९९६च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलेलं मायबोली बघ, अजून चालू आहे, कारण ते आपल्या माणसांच्या हातात राहिलं.

मॅस्टोडॉनचं तंत्र मला आवडलं ते माझ्या जुन्या कामामुळं. सर्व्हर हजारो, मालक वेगवेगळे, पण एकमेकांशी बोलायची रीत एक, अ‍ॅक्टिव्हिटीपब, २०१८ला डब्ल्यूथ्रीसीनं मान्य केलेली. २०१९च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद केल्यावर भारतातून लोकांचा लोंढा तिकडं गेला, आणि बरेचसे काही आठवड्यांत परत आले. का? तिथं आपोआप काही पुढ्यात येत नाही. माणसं स्वतः शोधावी लागतात, कुणाचं आवडलं तर पुढं सरकवावं लागतं. दोन-चार दिवसांत निकाल लावू नकोस. मराठीत लिहिताना भाषा मराठी अशी निवड, म्हणजे शोधणाऱ्याला तू सापडशील. चित्राखाली दोन ओळींचं वर्णन लिही, न दिसणाऱ्यांसाठी ते वाचून दाखवलं जातं आणि तिथं तो रिवाज आहे.

सर्व्हर निवडताना सगळ्यात मोठा घेऊ नकोस आणि एकट्या हौशी माणसाचाही नको. चालवणारे दोघे-तिघे आहेत का, खर्चाचा हिशोब मांडतात का, नियम लिहिलेत का, हे बघ. वर्गणी घालता आली तर घाल, वर्षाला एका चहाच्या उधारीएवढी का होईना. तिथले खाजगी संदेश चालवणाऱ्याला वाचता येतात, म्हणून आधार नंबर किंवा घरातली भांडणं तिथं नकोत. पुसलेलं दुसऱ्या सर्व्हरवर राहू शकतं. आणि उद्या घर बदललंस तर तुझे अनुयायी बरोबर येतात, लिहिलेलं येत नाही, तेव्हा ते अधूनमधून उतरवून घरच्या मशिनवर ठेवत जा.

घरच्यांच्या निरोपासाठी म्हणशील तर एक्सएमपीपीवर चालणारं स्निकेट हलकं आहे, दहा-पंधरा माणसांना पुरे. ते मात्र घरात नको, महिन्याला थोडे पैसे देऊन भाड्याच्या सर्व्हरवर ठेव, कारण डीपी जळाली म्हणून मामाचा निरोप अडायला नको. या एक्सएमपीपीवर आपल्याकडची काही मंडळी ‘प्रव’ नावाचं ॲप उभं करतायत, आणि ते सहकारी संस्थेच्या रूपात, सभासदांच्या मालकीचं चालवायचा त्यांचा बेत आहे. हे वाचून मला बरं वाटलं. सहकारात काय काय बिघडतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको, पण सर्वसाधारण सभेत उभं राहून हिशोब विचारता येतो, हेही आपल्यालाच माहीत.

गावासाठी स्वतःचा सर्व्हर काढायचाच असेल तर एक गोष्ट डोळ्याआड करू नकोस. दुसऱ्यांचं लिखाण तुझ्या मशिनवर आलं की कायद्याच्या भाषेत तू मध्यस्थ होतेस. २०२१चे आयटी नियम, तक्रार घ्यायची जबाबदारी, २०२२पासून सर्ट-इनचा सहा तासांत सायबर घटना कळवायचा आदेश, सगळं बारकाईनं वाच आणि वकिलाला विचार. निवडणुकीच्या दिवसांत कुणी रात्री अकराला काहीतरी टाकलं तर पहाटेपर्यंत ते कोण काढणार, याचं उत्तर ‘मी एकटी’ असेल तर काढू नकोस. दुसरं, मॅस्टोडॉनवर जगभरच्या लोकांची चित्रं तुझ्या डिस्कवर साठत जातात. मशिन छोटं असेल तर गोटूसोशल बघ, ते कमी खातं.

शेवटचं, आणि हे माझ्या खात्याचं. मशिनशेजारी एक वही दोऱ्यानं बांधून ठेव. एक्स्चेंजला लॉगबुक असायचं, कधी काय केलं, कुणी केलं, बॅटरीचं रीडिंग काय. तू काय बदललंस ते तारखेसकट लिही. कुठली केबल कशाची, त्यावर चिठ्ठी लाव. डोमेन घेतलंस तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर. आपल्या लिपीत ‘.भारत’ २०१४पासून मिळतं, हवं तर ते घे. पासवर्ड वहीत नको. ते बंद पाकिटात आईच्या कपाटात, आणि आईला एकदा करून दाखव : हे बटण दाबलं की बंद, हे दाबलं की सुरू, फोटो उघडले नाहीत तर ही वायर काढून घाल. घरात दुसऱ्या कुणाला कळत नसेल तर लग्न होऊन तू गेलीस की तो डबा भंगारवाला नेतो.

आणि सगळं लावून झालं की एका रविवारी दुपारी मेन स्विच पाड. मशिन किती वेळ टिकतं, राऊटर किती वेळ, वीज आल्यावर काय आपोआप उठतं आणि काय नाही, ते घड्याळ लावून वहीत लिही. दाजींची मॅच असेल तो रविवार सोडून.